लेखणी पूज्य, हात हलका!

कोन-भिवंडीच्या बाजूस गोदामे तयार मालाने भरली असता लाकूड कातून लेखणी करीत बसण्याचा उपद्व्याप कशास, असे सुशिक्षित मंडळी विचारतात. आमचा उलट प्रश्न असा, की लेखणीस पूज्य मानणाऱ्यांस ती घडविणारा हात हलका का वाटावा? सावंतवाडीचा कारागीर फिरत्या लाकडास लाखेची कांडी टेकवितो; घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून अंगी बसते. हे ज्ञान त्यास कोणत्या पदवीने दिले? लेखणीचेही तसेच. ओलसर लाकूड मागाहून तडकते, भोक मधोमध न पडल्यास एक बाजू पातळ होते, पटाशी बोथट असल्यास तंतू उपटतात. पुढे पॉलिशपेपर भरडापासून बारीकापर्यंत क्रमाने फिरवावा लागतो, आणि नेमका येथेच आमचा पदवीधर घाई करतो. रोगणाच्या जाड थराखाली ओरखडे लपतील, अशी त्याची समजूत! ते चकाकीत अधिकच उठून दिसतात. (निबंधांतही त्याची रीत हीच.) १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेने हस्तव्यवसायातून शिक्षणाचा पुरस्कार केला, आमच्या वर्गाने टाळ्या वाजविल्या आणि स्वतःची मुले कारकुनीकडे धाडली. आता तीच मंडळी कोनच्या मुलांस लेथ दाखविण्यापूर्वी त्याचा परीक्षेत उपयोग काय, हे विचारतात.