नवसागर आणि रिकामी टाकी

आमच्या हॉलमध्ये सव्वा महिना एक काचेची टाकी उभी होती. आत खारं पाणी, वाळू, चार दगड, वर निळसर दिवा, पंप चालू. मासा एकही नाही. घरी येणारा प्रत्येक जण सलाम-दुआ झाली की टाकीसमोर वाकायचा, मासा शोधायचा आणि मग माझ्याकडे बघायचा. शेजारच्या काकूंनी तर एकदा अम्मीला हळूच विचारलं, "मेले का हो सगळे?"

मेले होते. पण ते दोन वर्षांपूर्वी, पहिल्या टाकीत.

तेव्हा मी दुकानात गेलो आणि एकाच दिवशी टाकी, मिठाचं पाकीट, पंप आणि तीन डॅमसेल मासे घेऊन आलो. निळे, बोटाच्या पेराएवढे. दुकानदार म्हणाला, "भाई, ये डाल दो, सायकल चालू हो जायेगी. मर गये तो भी टेन्शन नहीं, सस्ती मच्छी है. बाद में निमो ले जाना." मी मान हलवली. तिसऱ्या दिवशी मासे पाण्याच्या वरच्या थरात येऊन धापा टाकू लागले. कल्ले लाल, पोहणं वेडंवाकडं. सहाव्या दिवशी शेवटचा गेला. दुकानात जाऊन सांगितलं, तर त्याने त्याच थंडपणे आणखी तीन पिशवीत भरायला घेतले. मी नको म्हणालो आणि घरी येऊन टाकी रिकामी केली. माझा धाकटा विचारत होता, "अब्बू, पण सायकल कुठंय?"

त्या पोराचा प्रश्न बरोबर होता. मला सायकल म्हणजे काय हेच माहीत नव्हतं.

मासा पाण्यात अमोनिया सोडतो, मुख्यतः कल्ल्यांतून. उरलेलं अन्न आणि विष्ठा कुजली की त्यातूनही अमोनियाच होतो. समुद्रात तो अफाट पाण्यात विरतो, शिवाय तो खाणारे सूक्ष्मजीव खडकाखडकावर बसलेले असतात. दीडशे लिटरच्या नव्या टाकीत हे सूक्ष्मजीव नसल्यात जमा. ते यावे लागतात, दगडावर आणि वाळूवर वस्ती करावी लागते. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट थोडंफार चालतं, पाणी बदलून कमी करता येतं. ही साखळी पूर्ण बसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. हीच ती सायकल. खाऱ्या पाण्यात घाई जास्तच महागात पडते, कारण त्याचा पीएच 8.2च्या आसपास असतो, आणि पीएच जितका वर तितका अमोनियाचा जास्त हिस्सा विषारी रूपात राहतो. म्हणजे दुकानदार मला सांगत होता की तीन जीव या विषात सोड, त्यांच्याच घाणीवर जिवाणू पोसतील, आणि तोवर ते जगले तर जगले.

याला शौकीन मंडळींत अजूनही बरेच जण 'पद्धत' म्हणतात. डॅमसेल चिवट असतो, स्वस्त असतो, म्हणून त्याच्यावर ही पाळी. एका मित्राने मला सुनावलंही, "शुक्रवारी पापलेट खातोस, मग दोन डॅमसेलचं एवढं काय?" खातो की. पण बकरीदला आमचे अब्बा जनावरासमोर सुरीला धार लावू देत नाहीत, आधी पाणी पाजायला लावतात. खाण्यासाठी जीव घेताना एवढं पाळायचं, आणि दिवाणखान्याच्या शोभेसाठी एका जिवाला सहा दिवस गुदमरू द्यायचं, हे मला जुळवता येत नाही. त्यातून हे डॅमसेल बहुतेक समुद्रातूनच पकडून आणलेले असतात. जे काम काही शे रुपयांची टेस्ट किट आणि चिमूटभर क्षार करतो, त्याला मासा कशाला?

तो क्षार म्हणजे अमोनियम क्लोराइड. दुसऱ्या टाकीसाठी प्रयोगशाळेच्या दर्जाची छोटी बाटली मागवली, तेव्हा अब्बांनी चष्मा वर करून ती हातात घेतली. "ये तो नवसागर है!" अब्बांनी चाळीस वर्षं कल्हई केली. भट्टीवर भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा, मग कथील लावून कापसाने फिरवायचं. त्या धुराचा झणका माझ्या लहानपणाचा वास आहे. तोच नवसागर माझ्या टाकीत जाणार म्हटल्यावर त्यांचा टाकीवरचा राग निम्मा उतरला. (बाजारातला कल्हईचा नवसागर मात्र वापरू नका, त्यात काय काय मिसळलेलं असतं सांगता येत नाही.)

दीडशे लिटरला साधारण एक ग्रॅम टाकला की अमोनिया लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या जवळ जातो. सोबत बाटलीतले जिवाणू. पाणी आरओचं, त्यात लिटरला 35 ग्रॅमच्या हिशोबाने समुद्री मीठ, म्हणजे टाकीला सव्वापाच किलोच्या आसपास. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे नसतं. पाणी उडून कमी झालं की वरून गोडं पाणीच घालायचं, कारण मीठ उडत नाही. हे अम्मीला लगेच कळलं, रोज सकाळी तांब्याभर पाणी घालायचं काम तिने स्वतःकडे घेतलं. मी संध्याकाळी नळीत थेंब टाकून रंग बघायचो. दहा दिवस अमोनिया ढिम्म. मग तो उतरायला लागला आणि नायट्राइट चढला, आणि चढलेलाच राहिला. हा मधला काळ फार कंटाळवाणा असतो आणि माणसं इथंच कच खातात. अम्मी म्हणाली, "बाळंतिणीला सव्वा महिना देतो ना, मग टाकीला दे." अडतिसाव्या दिवशी रात्री नवसागर टाकला आणि दुसऱ्या रात्रीपर्यंत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य झाले. नायट्रेट भरपूर होता, म्हणून अर्ध्याहून जास्त पाणी बदललं.

मधल्या काळात मालवणहून मेव्हण्याचा फोन आला. "दाजी, कशाला सिमेंटचे दगड घेताय? आमच्याकडे समुद्रात जिवंत दगड आहेत, पोवळंसुद्धा आणतो फांदीभर. तुमची सायकल एका दिवसात होईल." त्याचं म्हणणं चूक नव्हतं. समुद्रातला जिवंत दगड जिवाणू घेऊनच येतो. पण दगडी सांगाडा बांधणारी सगळी प्रवाळं 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघ आहे त्याच अनुसूचीत. मेव्हण्याला हे पटवताना मला घाम फुटला. घरच्या माणसाची भेट परत करणं सोपं नसतं. "एका फांदीने काय होतंय?" तो म्हणाला. मी त्याला विचारलं, मालवणला सुट्टीत किती पर्यटक येतात, आणि प्रत्येकाने एक फांदी नेली तर? तो गप्प झाला, थोडा रागावलाही असेल.

मुंबईत 2020 मध्ये कोस्टल रोडसाठी हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरची प्रवाळं उचलून दुसरीकडे बसवली, तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की त्या गढूळ पाण्यात प्रवाळ असतं. दर्ग्याच्या वाटेवरून लहानपणापासून चाललेल्या मला तरी कुठं माहीत होतं!

माझी तक्रार एका दुकानदाराची नाही. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. पण टाकी आणि मासा एकाच दिवशी विकणं थांबायला हवं. टाकी विकणाऱ्याने टेस्ट किट विकावी, महिनाभराने रीडिंगचा कागद आणायला सांगावं, मगच मासा द्यावा. गिऱ्हाईक जाईल म्हणतात. माझ्यासारखं गिऱ्हाईक तर तीन मेलेल्या माशांनंतर तसंही गेलंच होतं.

आता टाकीत दोन क्लाउनफिश आहेत, हॅचरीत वाढलेले. ऐरोलीला आपल्या राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानाचीही अशी हॅचरी आहे, तेव्हा समुद्रातून पकडलेलाच घ्यायला हवा असं काही नाही. दगडांवर सध्या तपकिरी डायटमचा थर आहे, टाकी कळकट दिसते. अम्मी खोबऱ्याच्या किशीने घासायला निघाली होती, मी थांबवलं. प्रवाळ इतक्यात नाहीच, आणणार तेव्हाही कायद्यात बसणारं, कुणाच्या तरी टाकीत वाढलेलं मऊ प्रवाळच. शेजारच्या काकू परवा परत आल्या, वाकल्या आणि म्हणाल्या, "दोनच?"