तबकडीची दुसरी बाजू

संगीताविषयी लिहिणाऱ्या आमच्या काही विद्वानांत एक मत अलीकडे फार दृढ होत चालले आहे. गवयाचे प्रमाण गाणे तेच, जे त्याने स्वस्थ चित्ताने ध्वनिमुद्रणगृहात बसून, पुनःपुन्हा पारखून, स्वतःच्या संमतीने जगापुढे ठेवले. मैफलीत कोणा हौशी श्रोत्याने यंत्र लावून टिपलेले गाणे म्हणजे पंगत उठल्यावरचे खरकटे. ते जपावे कशाला आणि ऐकवावे तरी कोणाला? हे मत केवळ दिवाणखान्यातील वादापुरते असते, तर आम्ही त्यासाठी लेखणी उचलली नसती. परंतु या मताच्या आश्रयाने ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या तीन नगरांतील कित्येक घरांत मैफलींच्या फिती कपाटात पडून कुजत आहेत, आणि त्या कुजू देणे हेच कलावंताच्या कीर्तीचे रक्षण होय, अशी समजूत त्यांचे धनी करून घेत आहेत. या समजुतीचा समाचार घेणे आम्हांला अवश्य वाटते.

प्रथम प्रतिपक्षाच्या बाजूने जेवढे म्हणता येईल तेवढे म्हणून टाकू. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजान यांनी ध्वनिमुद्रणाच्या कर्ण्यापुढे गाइले, तेव्हापासून पुढे अर्धशतकभर आमच्या गवयांना तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांपेक्षा अधिक अवकाश मिळाला नाही. या कोंडीतून एक स्वतंत्र कला निर्माण झाली. तासाभराचा राग चिमटीत धरून त्याचा अर्क तेवढा काढावयाचा, एकही स्वर वाया जाऊ द्यावयाचा नाही, अशी ती कला. केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर अंतराळात गेली, आणि सूर्यमालेबाहेर मानवाचे गाणे म्हणून जे काही पोचले त्यात गोव्याच्या या गायिकेचा आवाज आहे. एवढ्या छोट्या मुद्रणाला हा मान मिळावा, यावरून तबकडीची थोरवी सिद्ध होते. तीविषयी आमचा वाद नाही.

आमचा वाद आहे तो ‘प्रमाण’ या शब्दाशी. अर्क हा खरा असतो, पण अर्कावरून फुलाचा आकार सांगता येत नाही. भैरवीच्या त्या साडेतीन मिनिटांवरून केसरबाई तास-तासभर एक राग कसा उभा करीत असतील, हे ज्याला बिनचूक सांगता येईल त्याला आम्ही नमस्कार करू. परंतु तसा मनुष्य आम्हांस अद्याप भेटलेला नाही.

अगदी घरचेच उदाहरण घ्यावयाचे तर पंडित राम मराठे यांचे घेता येईल. ‘माणूस’ (१९३९) या बोलपटातील चहावाल्या पोराच्या भूमिकेपासून महाराष्ट्राच्या ओळखीचा झालेला हा पुरुष पुढे ठाणेकर झाला आणि १९८९ साली निवर्तला. ठाण्याची महापालिका त्यांच्या स्मरणार्थ संगीत महोत्सव भरवीत आली आहे, म्हणजे नगराने त्यांना आपले मानले आहे. आता ‘मंदारमाला’ (१९६३) या नाटकातील राम मराठे आणि प्रसाद सावकार यांच्या जुगलबंदीचा विचार करा. तबकडीवर ती नेटकी, आटोपशीर आणि कायमची ठरून गेलेली आहे. रंगभूमीवर मात्र ‘वन्स मोअर’च्या गजरात ती वाढत जाई, दोघे गवई एकमेकांस डिवचीत, आणि काल घेतलेली जागा आज घ्यावयाची नाही, अशी जणू पैज लागे. प्रतिपक्षाला आम्ही विचारतो, या दोहोंपैकी राम मराठे कोणते? तबकडीतील म्हणावे तर गिरगावापासून गावोगावच्या जत्रेपर्यंत ज्यांनी रात्री जागवल्या ते श्रोते मूर्ख ठरतात. रंगभूमीवरील म्हणावे तर उद्या जन्मणाऱ्या श्रोत्याला आम्ही दाखवणार काय? उत्तर एकच आहे: दोन्ही, आणि दोन्ही शेजारीशेजारी ठेवल्यावाचून दोहोंपैकी एकही नीट समजत नाही.

हे शेजारीशेजारी ठेवणे कसे असते, याचा धडा आमच्या संगीताशी काडीचाही संबंध नसलेल्या एका पाश्चात्त्य त्रयीने १९६८ साली घालून दिला आहे. तो येथे सांगितल्याने आमच्या गायकीला विटाळ होईल, अशी भीती कोणी बाळगू नये. एरिक क्लॅप्टन, जॅक ब्रूस आणि जिंजर बेकर या तिघांच्या ‘क्रीम’ नामक वाद्यमेळाने त्या वर्षी ‘व्हील्स ऑफ फायर’ हा दोन तबकड्यांचा संच प्रसिद्ध केला. अमेरिकेतील काळ्या लोकांचे दुःखगान जे ‘ब्लूज’, त्याला विजेच्या गिटारीची आणि दणदणीत तालवाद्यांची जोड देऊन हे तिघे गात-वाजवीत असत. संचातील पहिली तबकडी लंडन व न्यूयॉर्क येथील ध्वनिमुद्रणगृहांत सावकाश घडवलेली; तीत स्वरांवर स्वर चढवून बांधलेली, घोटीव गीते आहेत. दुसरी सान फ्रान्सिस्को येथे मार्च महिन्यात श्रोत्यांपुढे झालेल्या कार्यक्रमांतून घेतलेली. तीत अवघ्या चार गोष्टी, आणि त्यांतील दोन प्रत्येकी सोळा मिनिटांच्या वर चाललेल्या.

या दोन तबकड्यांत कोणती श्रेष्ठ, यावर तिकडे आजही भांडणे होतात, आणि ती होऊ शकतात हाच त्या संचाचा विजय आहे. ‘स्पूनफुल’ हे गीत याच त्रयीने १९६६ साली ध्वनिमुद्रणगृहात साडेसहा मिनिटांत बांधले होते. दुसऱ्या तबकडीवर तेच गीत सतराव्या मिनिटाच्या घरात पोचते. चाल तीच, शब्द तेच. मात्र एकजण वाट सोडून निघतो, दुसरा त्याला अडवतो, तिसरा दोघांनाही खेचून समेवर आणू पाहतो. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी गवई, तबलजी आणि पेटीवाला यांची खडाजंगी पाहिली असेल त्यांना हा प्रकार परका वाटणार नाही. त्याच तबकडीवर बेकर यांचे एकट्याचे तालवादन इतके लांबते की, कंटाळून उठणारे श्रोतेही असतील. असोत बापडे! कंटाळण्याचा हक्क श्रोत्याला तेव्हाच मिळतो, जेव्हा ऐकण्याचा हक्क त्याला आधी मिळालेला असतो. आमच्याकडे पहिला हक्कच कुलपात आहे.

शिवाय हा संच लोकांनी डोक्यावर घेतला. त्याच वर्षाच्या अखेरीस त्रयी फुटली. ती फुटली नसती तर पुढे काय झाले असते हे सांगणे व्यर्थ आहे. पण दुसरी तबकडी निघाली नसती, तर या तिघांची खरी ताकद पुढच्या पिढीला केवळ म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकावी लागली असती. आमच्याकडे नेमकी हीच अवस्था आहे.

आता आक्षेप. पहिला असा की, मैफलीच्या मुद्रणात खोकला असतो, दाद असते, तंबोरा उतरलेला असतो, एखादी तान फसलेली असते. हे सर्व लोकांपुढे मांडणे म्हणजे कलावंताची अब्रू चव्हाट्यावर आणणे. आम्ही म्हणतो, फसलेल्या तानेने ज्याची अब्रू जाते त्याची अब्रू मुळात होती किती? साहसी गवयाची तान फसते, भित्र्याची फसत नाही, कारण तो ती घेतच नाही. आणि दाद ही केरकचरा कशी? कोणत्या जागेवर सभा उसळली, हे कळल्याने गाण्याचा अर्थ वाढतोच.

दुसरा आक्षेप हक्काचा, आणि तो वजनदार आहे. कलावंताच्या श्रमावर परक्याने पैसा मिळवू नये, हे आम्हांस पूर्ण मान्य आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९९४ साली कलावंताच्या हक्काची तरतूद झाली आणि पुढे त्या हक्काची मुदत सादरीकरणानंतर ५० वर्षे ठरली. पण त्याच कायद्याने खाजगी उपयोग, अध्यापन आणि संशोधन यांना वाट मोकळी ठेवली आहे. तेव्हा कायद्याचे नाव पुढे करून फीत कुलपात ठेवणाऱ्याने प्रथम हे सांगावे की, त्याने कलावंताच्या वारसांकडे संमतीसाठी एक पत्र तरी धाडले आहे काय? बहुतेक ठिकाणी तसे पत्र गेलेले नसते. जे गाणे आपणांखेरीज कोणाकडे नाही, त्याचे आपण एकटे धनी, हा आनंद सोडवत नाही, एवढाच त्याचा अर्थ. अशा रसिकाला रसिक म्हणण्यापेक्षा सावकार म्हणणे योग्य.

तिसरा आक्षेप असा की, घाई कसली? आजवर जपले, पुढेही जपू. या ठिकाणी आम्ही थोडे रोखठोक बोलू. सात इंची रिळावर १२०० फूट फीत बसते आणि सेकंदाला पावणेचार इंच या वेगाने ती सुमारे ६४ मिनिटे चालते, म्हणजे जुन्या तबकडीच्या जवळजवळ वीस बाजू एकाच दमात. मैफलीचा सबंध ख्याल प्रथमच जसाच्या तसा घरात आला तो या फितीमुळे. पण ती लोखंडाच्या भुकटीची आणि डिंकासारख्या लेपाची केलेली आहे. लेप हवेतील ओल शोषतो, चिकट होतो, आणि यंत्रावर चढवताच भुकटी खरवडून निघते. जे निघाले ते गाणेच निघाले. ठाण्याची खाडी, कल्याणची उल्हास नदी आणि चार महिन्यांचा कोकणी पाऊस यांच्यामध्ये ठेवलेल्या फितीला बुरशी लागण्यास मुहूर्त पाहावा लागत नाही. तीस वर्षे न उघडलेला डबा म्हणजे जपलेले गाणे नव्हे. बहुधा ते गाण्याचे प्रेत असते.

आणि गाणे नाहीसे होणे म्हणजे काय, हे कल्याणकरांना तरी सांगावयास नको. १९२६ साली स्थापन झालेला कल्याण गायन समाज ‘देवगंधर्व’ भास्करबुवा बखले यांच्या नावाने महोत्सव भरवतो, हे त्याला भूषणावह आहे. परंतु भास्करबुवा १९२२ साली गेले ते आपला आवाज एकाही तबकडीवर न ठेवता. ज्याच्या नावाने दिवा लावावयाचा त्याचा एक षड्जही आज कोणाला ऐकता येत नाही! अल्लादिया खाँसाहेबांचेही तेच. त्या पिढीपाशी साधनेच अपुरी होती, तिला दोष कोण देईल? आम्हांपाशी साधने आहेत, फिती आहेत, त्यांच्या प्रती करणारी यंत्रे आहेत. तरीही आमच्या नातवंडांवर हीच पाळी आली, तर तिला दुर्दैव म्हणता येणार नाही.

करावयाचे काय, तेही सांगतो. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. या नगरांतील जुन्या लोकांनी तेव्हा ओळखले की, ग्रंथ एकाच्या कपाटात राहिला तर तो वाळवीचा, दहांच्या हातांत गेला तर समाजाचा. हाच न्याय फितीला लावा. ज्याच्याकडे फीत आहे त्याने तिची प्रत करवून घ्यावी. मूळ फीत त्याचीच राहू द्या. ती प्रत नगरातील ग्रंथालयात ठेवावी आणि कलावंताच्या वारसांच्या संमतीने ती तेथे बसून ऐकण्याची सोय व्हावी. विक्री नको, बाजार नको. आणि प्रत्येक फितीवर गवई, साथीदार, स्थळ व दिनांक खरे लिहावेत. ‘व्हील्स ऑफ फायर’च्या दुसऱ्या तबकडीवर ‘फिलमोर’ सभागृहाचे नाव छापले आहे, पण तिच्यातील चारपैकी एकच गोष्ट तेथील आहे, उरलेल्या तीन ‘विंटरलँड’ येथील. एवढी प्रसिद्ध तबकडी, तिच्या बाबतीत ही गफलत. मग ‘बुवा, डोंबिवली, गणपती’ एवढेच खरडलेल्या आमच्या डब्यांची कथा काय सांगावी? ज्यांना त्या रात्री आठवतात अशी माणसे आज हयात आहेत. त्यांना आजच विचारले पाहिजे.

ध्वनिमुद्रणगृहातील गाणे आम्हांस हवेच आहे. पण ती तबकडीची एक बाजू झाली. दुसरी बाजू या तीन नगरांच्या माळ्यांवर पडलेली आहे, आणि पुढचा पावसाळा आमच्या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबणार नाही.