गाडी नायट्रोवर, ब्रेक बॅटरीवर

पगार झाला की कुणी शूज घेतं, कुणी मोबाइल. आमच्या ग्रुपमध्ये सध्या नायट्रो आरसी कारची साथ आलीय. इंजिन कुठलं, टायर कुठले, बॉडीला कलर कुठला, यावर तासन्‌तास चर्चा. रिसीव्हरच्या बॅटरीचा विषय निघाला की मात्र ‘दुकानदार देईल ती’! इथेच माझं डोकं फिरतं.

कारण सिंपल आहे, बॉस. इलेक्ट्रिक कारमध्ये सहसा मोटरच्याच बॅटरीतून रिसीव्हरला करंट मिळतो. नायट्रो पळते फ्युएलवर. स्टिअरिंग वळवणारा एक सर्व्हो, थ्रॉटल आणि ब्रेक सांभाळणारा दुसरा. हे दोघं आणि रिसीव्हर जगतात एका मूठभर बॅटरीवर. ती बसली तरी इंजिन चालूच! १:८ स्केलची बगी साधारण साडेतीन किलोची असते आणि ताशी ६० किलोमीटरचा स्पीड सहज गाठते. त्याच मैदानावर पोरं क्रिकेट खेळत असतात, मंडळी.

तेव्हा दुकानात ‘एमएएच किती?’ हा प्रश्न नंतर. आधी सर्व्होचं खोकं वाचा. त्यावर ४.८ ते ६ व्होल्ट लिहिलं असेल, तर पाच सेलचा ६ व्होल्टचा निकेल मेटल हायड्राइड पॅक बेस्ट. खाली तीन सेल, वर दोन, म्हणून त्याला ‘हम्प पॅक’ म्हणतात. चार पेन्सिल सेलचा होल्डर स्वस्त पडतो. पण रिचार्जेबल सेल टाकले तर मिळतात ४.८ व्होल्टच, आणि गाडी जोरात आदळली की कॉन्टॅक्ट सुटायची भीती. पॅकमध्ये सेल एकमेकांना पक्के जोडलेले असतात.

‘लायपोच घे, हलकी असते’ असं सांगणारा एक मित्र प्रत्येकाला असतो. हलकी असते, खरंय. पण दोन सेलची लायपो फुल चार्ज झाली की ८.४ व्होल्ट देते. हाय व्होल्टेज सर्व्हो आणि तेवढं झेपणारा रिसीव्हर नसेल, तर मध्ये रेग्युलेटर हवाच. लाइफ बॅटरी मधला मार्ग आहे: ६.६ व्होल्ट, फुल चार्ज ७.२. चार्जरवर मोड मात्र बरोबर निवडा. लायपोचा सेल ४.२ व्होल्टपर्यंत भरतात, लाइफचा ३.६ पर्यंत. इथे आळस म्हणजे आगीला आमंत्रण.

आता एमएएच. १६०० च्या आसपासचा पॅक वीकएण्डच्या मजेला चालून जातो. ताकदवान डिजिटल सर्व्हो असतील तर मोठा घ्या. साधे निकेल सेल नुसते पडून राहिले तरी उतरतात, म्हणून चार्जिंग आदल्या रात्रीच. सान्योने २००५मध्ये एनेलूप आणले, तेव्हापासून चार्ज टिकवून धरणारे सेलही मिळतात. महिन्यातून एकदाच मैदान गाठणाऱ्यांनी तेच घ्यावेत.

शेवटचा फंडा: फेलसेफ ब्रेकवर सेट करा. पण बॅटरी पूर्ण मेली तर ब्रेक ओढायलाही करंट उरत नाही. म्हणून बॅटरी उतरायला लागताच ब्रेक मारणारा फेलसेफ बघा आणि कार्ब्युरेटरला थ्रॉटल बंद करणारी स्प्रिंग लावा. इंजिन सुरू करण्याआधी स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवा. चाकं सुस्त वळली, तर गाडी बॅगेत आणि आपण वडापावच्या गाडीवर!