कतारची सरासरी आणि वडिलांचा पासपोर्ट

माझ्या पदवीची फी दोहामधून आली. वडील तिथं सेंट्रिंगच्या कामावर होते. पैसे दर महिन्याला यायचे, पण आजी वारली तेव्हा वडील येऊ शकले नाहीत. देश सोडायला मालकाची परवानगी लागायची आणि पासपोर्ट कंपनीच्या कपाटात होता. पासपोर्ट असा अडकवून ठेवायला तिथल्या कायद्यानं तेव्हाही मनाई होती. पण आठ जणांच्या त्या खोलीत कायदा वाचून सांगणारं कोणी नव्हतं.

म्हणून कतारची आकडेवारी समोर आली की मी सरासरीपाशी थांबत नाही. देश गोव्याच्या साधारण तिप्पट. लोकसंख्या ३० लाखांच्या आसपास. जगातल्या सर्वांत मोठ्या नैसर्गिक वायुसाठ्यात वाटा. दरडोई उत्पन्न ७० हजार डॉलरच्या वर. आकडा खरा आहे, पण त्या भागाकारात सेंट्रिंगवाला मजूरही धरलेला असतो. या ३० लाखांत कतारी नागरिक दहात एकाच्या आसपास. बाकीचे बाहेरून आलेले, त्यांत सर्वांत जास्त भारतीय. चार माणसांत जवळपास तीन पुरुष, कारण कमी पगाराच्या मजुराला बायकोमुलं सोबत नेता येत नाहीत.

ही श्रीमंती जुनी नाही. शंभर वर्षांपूर्वी कतार मोत्यांवर जगत होता. कर्जात बुडालेले पाणबुडे समुद्रात उतरायचे, त्यांत गुलामही असायचे. जपानी संवर्धित मोती आले आणि १९३० च्या दशकात तो धंदा बसला. तेलाची निर्यात १९४९ मध्ये सुरू झाली. गुलामगिरी कायद्यानं संपली ती १९५२ मध्ये. १९९० च्या दशकाच्या अखेरीस द्रवरूप वायू जहाजानं बाहेर जाऊ लागला आणि देश पालटला.

पैसा आला, पण वाटणी जन्मावर ठरली. शिक्षण, आरोग्य, सरकारी नोकरी यांत नागरिक पहिला. नागरिकांतही पायऱ्या आहेत. २०२१ मध्ये शूरा परिषदेची निवडणूक झाली, तेव्हा उमेदवारीचा हक्क १९३० च्या आधीपासून तिथं असलेल्या घराण्यांनाच होता. अल मुर्रा जमातीतल्या लोकांनी निषेध केला. पुढं २०२४ मध्ये सार्वमत घेऊन ती निवडणूकच बंद केली गेली. कतारी बाईनं परदेशी माणसाशी लग्न केलं, तर तिचं नागरिकत्व तिच्या मुलांना आपोआप मिळत नाही. त्याखाली परदेशी इंजिनियर, त्याखाली मजूर, आणि सर्वांत खाली मालकाच्या घरातच राहणारी घरकामगार बाई. २०१० च्या कायद्यानुसार मजुरांची राहण्याची सोय कुटुंबांच्या वस्तीत करता येत नाही. गावकुसाबाहेर म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

तरीही ही जात आहे, असं मी म्हणणार नाही. जातीला धर्माचा आधार आहे. कामगाराला मालकाच्या नावाशी बांधणाऱ्या कफाला पद्धतीचा आधार मुख्यतः कायदा आहे, आणि कायदा हलवता येतो. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेकडे कतारविरुद्ध तक्रार गेली. विश्वचषकामुळं जगाचं लक्ष होतंच. २०१८ मध्ये बहुतेक कामगारांची आणि २०२० मध्ये घरकामगारांचीही देश सोडण्याच्या परवानगीतून सुटका झाली. नोकरी बदलायला मालकाचा दाखला लागणं २०२० मध्येच बंद झालं. मार्च २०२१ पासून किमान वेतन १००० रियाल, म्हणजे वीस-पंचवीस हजार रुपयांच्या घरात. कागदावर एवढं झालं. मात्र परदेशी कामगारांना स्वतःची युनियन काढता येत नाही, त्यामुळं कागद अमलात आणायला मजूर एकटाच पडतो.

दोष फक्त तिकडचा नाही. दहावी न झालेल्या माणसाला कतारसह १८ देशांत कामाला जायचं तर आपलं सरकार आधी तपासणी करतं. हेतू संरक्षणाचा सांगितला जातो. पण २०१८ च्या जानेवारीत सरकारनं अशा लोकांना नारिंगी रंगाचा वेगळा पासपोर्ट द्यायचं ठरवलं होतं. टीका झाली आणि महिनाअखेर तो बेत मागे घेतला. दहावी कोणाची सुटते, हे आपल्याला ठाऊक आहे. ती ओळख विमानतळावर लांबून दिसावी, अशी ती सोय होती.

पदवीनं आपल्याला त्या तपासणीतून सोडवलं. उद्या आपल्यातलं कोणी नर्स, अकाउंटंट, इंजिनियर म्हणून दोहाला जाईल आणि मधल्या पायरीवर उभं राहील. अशी उतरंड मधल्या पायरीवरच टिकते. वरच्याचा अपमान गिळायचा आणि खालच्याकडे पाहून समाधान मानायचं. हे आपण गावात पुरेसं पाहिलंय.

म्हणून जाणाऱ्याला आणि इथं राहणाऱ्यालाही माझं सांगणं साधं आहे. शेजारचा कोणी निघाला असेल तर त्याचा करार त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवा. परवानाधारक एजंटाला ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं, हे त्याला सांगा. इथं सही केलेला आणि तिथं हातात पडलेला करार एकच आहे का, ते ताडून पाहा. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवायचा त्याचा हक्क आहे, हे त्याला पाठ असू द्या.

वडिलांच्या खोलीत असं सांगणारं कोणी नव्हतं. आज आपल्या बहुतेक वस्त्यांत एक तरी पदवीधर आहे.