करणी कोण करतं?

परवा डहाणूकडे जाताना रस्त्याकडेला वाघोबा दिसला. शेंदूर फासलेलं लाकूड, त्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य. सोबतचे म्हणाले, "थांबू नका, ही लोकं करणी करतात."

मी थांबलो, हात जोडले. काही झालं नाही!

आपण बांधावरच्या म्हसोबाला नारळ फोडला की ती श्रद्धा. वारल्यांनी वाघोबाला कोंबडं दिलं की ती भुताटकी? 'करणी करते' म्हणत एखादीचं जगणं मुश्किल करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्याची सुरुवात अशाच गाडीतल्या गप्पांतून होते.

सरकारी कागदावर तरी काय वेगळं आहे? २०११ च्या जनगणनेत धर्माला सहाच नावं, बाकी सगळे 'इतर'. तरी ४९ लाखांहून जास्त लोकांनी 'सरना' लिहिलं, बहुतेक झारखंडचे. जैनांपेक्षा हा आकडा मोठा. झारखंड विधानसभेने २०२० मध्ये वेगळ्या नोंदीचा ठराव केला.

कुणी स्वतःला हिंदू म्हणेल, कुणी सरना, कुणी निसर्गपूजक. ते त्यांचं त्यांना ठरवू द्या ना. आपण फक्त घाबरणं आणि घाबरवणं थांबवूया.