पहिल्या दिवसाचा कॅमेरा

नवा छोटा मिररलेस कॅमेरा हाती आला की हौशी मंडळी त्याच संध्याकाळी फोटो टाकतात. चहाचा कप, खिडकीतली मांजर आणि खाली अभिप्राय: ‘कसला हलका आहे!’ त्यात खोटं काही नसतं, फक्त ते वजन नुसत्या बॉडीचं असतं. सोनीचा ए७सी २०२० साली आला, बॅटरीसकट ५०९ ग्रॅमचा. फुल फ्रेम सेन्सर असूनही एवढा हलका, हे कौतुकाचंच. पण त्याच कंपनीची २४-७० एफ २.८ ही दुसऱ्या पिढीची जीएम लेन्स एकटीच ६९५ ग्रॅम भरते. सेन्सर मोठा आणि अ‍ॅपर्चरही मोठं हवं, तर काचही मोठीच लागणार. आरसा काढून टाकल्याने हा हिशेब फारसा बदलत नाही.

कुणी म्हणेल, पकड, डायल, मेनू हे तासाभरात कळतंच की. मान्य. तेवढ्यापुरतं पहिल्या दिवसाचं मत जाहिरातीपेक्षा केव्हाही बरं. पण आकार कमी करताना कशाला कात्री लागली, ते पहिल्या चार फोटोंत दिसत नाही. पॅनासॉनिकचा २०१३चा जीएम१ बॅटरी आणि कार्डासह अवघा २०४ ग्रॅमचा होता, मात्र त्याचं यांत्रिक शटर १/५०० सेकंदावर थांबायचं. त्यापुढे इलेक्ट्रॉनिक शटर, म्हणजे सेन्सर ओळीओळीने वाचला जाणार. भर उन्हातल्या क्रिकेटमध्ये अ‍ॅपर्चर उघडं ठेवलं की याहून वेगवान शटर लागतं आणि जोरात फिरलेली बॅट फोटोत वाकडी येऊ शकते. (कपाला आणि झोपलेल्या मांजरीला त्याचं काय!) म्हणून याच हौशींनी महिन्याभराने, नेहमी वापरायची लेन्स लावून काढलेले फोटो पुन्हा टाकावेत, फसलेलेसुद्धा. लाखभर रुपये मोजायला निघालेल्या माणसाला त्यांचाच उपयोग जास्त होईल.