पोडाची वाट नकाशावर कोण आणणार?

यंदाचा दिवाळी अंक नकाशांचा आहे.

सर्वेक्षक विल्यम लॅम्ब्टन दक्षिणेकडून जमीन मोजत मोजत वर आला आणि १८२३ साली आपल्या यवतमाळच्या शेजारच्या हिंगणघाटला वारला. त्याची अखेरची वर्षं साखळी आणि कोनमापकावर गेली. आता सेंटिनेल-२ उपग्रह दर पाच दिवसांनी जिल्ह्याचं चित्र घेतात आणि कोणत्या वावरात काय उभं आहे, हे कृत्रिम बुद्धिमत्ता काही मिनिटांत सांगते. मग भूगोलाच्या माणसाला काम उरलं का? यवतमाळात तरी ते वाढलं आहे, असं आमचं ठाम मत आहे.

त्या चित्रातला एक ठिपका दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद. म्हणजे जवळपास एक गुंठा. आपल्याकडे तेवढ्यात पराटीच्या ओळी, मध्ये तुरीचं तास आणि धुऱ्यावर एखादी बाभूळ असते. सलग एकाच पिकाच्या शेतांवर शिकलेलं यंत्र इथे फसणारच. पावसाळ्यात तर ढगांखालचं काही दिसत नाही. २२ जुलै २०२३ ला महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढलं, तसल्या दिवशी रडारच हवं. जुलै २०२५ मध्ये सुटलेला निसार हा रडार उपग्रह ढगांआडूनही पाहतो. पण जमीन खरडून गेली की नुसती चिबडली, हे वावरात उतरल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही, आणि शेतकऱ्याची मदत त्याच फरकावर ठरते.

झरी-जामणी, मारेगाव, केळापूरकडच्या कोलाम पोडांचं, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांचं, तर आणखी वेगळं. छपरं यंत्र मोजेल. नाला चढल्यावर दवाखान्याची वाट कुठून, मे महिन्यात पाणी कोणत्या झऱ्याचं, देवाची जागा कोणती, हे तिथल्या म्हाताऱ्यांनाच ठाऊक. वनहक्क कायद्याच्या नियमांत वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून धरला आहे, तो उगीच नाही. ही माणसं आहेत तोवरच ही माहिती मिळेल.

म्हणून जिल्ह्यातल्या भूगोलाच्या प्राध्यापकांना आणि शिक्षकांना कळकळीची विनंती: यंदाची क्षेत्रभेट एखाद्या पोडावर किंवा तांड्यावर न्या. यंत्राने काढलेला नकाशा सोबत घ्या, गावकऱ्यांपुढे पसरा आणि ते सांगतील तसा दुरुस्त करा. त्यांची हरकत नसेल तर तो आम्हाला पाठवा. पुढच्या दिवाळीला गावाच्या नावानिशी छापू.